विषबाधेचा संशय आल्यावर: चारा, खुराक आणि जनावराच्या अवयवांचे नमुने प्रयोगशाळेत कसे पाठवावेत

दोन वर्षांपूर्वी, पावसाने ओढ दिलेल्या ऑगस्टमध्ये, आमच्या दोन गाई अर्ध्या तासाच्या अंतराने गेल्या. कापणीनंतर पुन्हा फुटलेली, गुडघाभरही न वाढलेली ज्वारी त्यांनी बांधावरून जाताना खाल्ली होती. तिसरी गाय डॉक्टरांनी शिरेतून दिलेल्या औषधाने उठून उभी राहिली, त्यामुळे कारणाविषयी आमच्या मनात शंका उरली नव्हती. तरीही प्रयोगशाळेचा अहवाल ‘विष आढळले नाही’ असा आला आणि विम्याचा दावा अनेक महिने रखडला. दोष प्रयोगशाळेचा नव्हता. कोठीपोटातील घास मी साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून, तोंडाला सुतळी बांधून, दोन दिवस सावलीत ठेवला होता, आणि सोबतच्या चिठ्ठीत ‘विषबाधेसाठी तपासणे’ एवढेच लिहिले होते. त्या दोन दिवसांत सायनाइड उडून गेले.

त्यानंतर पशुवैद्यकांना आणि प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांना विचारून, आणि पुढे खुराकातील बुरशीविषाच्या एका प्रकरणात स्वतः नमुने पाठवून जे शिकलो, ते येथे क्रमाने लिहिले आहे. शवविच्छेदन आणि अवयवांचे नमुने घेणे हे पशुवैद्यकाचेच काम आहे. तथापि ते येईपर्यंत काय जपून ठेवायचे, त्यांना कोणती माहिती द्यायची आणि नमुना कसा रवाना करायचा, हे बहुतांशी पशुपालकाच्या हातात असते.

१. पहिल्या तासात काय करावे

संशयित चारा किंवा खुराक तत्काळ बंद करावा आणि उरलेली जनावरे त्या गव्हाणीपासून दूर बांधावीत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला फोन करावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. जनावराने शेवटचे काय आणि केव्हा खाल्ले, पहिले लक्षण किती वाजता दिसले, कोसळले किती वाजता आणि गेले किती वाजता, हे वहीत लिहून ठेवावे. हा वेळेचा हिशेब पुढे नमुन्याइतकाच उपयोगी पडतो, कारण मिनिटांत मारणारी विषे वेगळी आणि आठवडाभर झिजवणारी वेगळी.

येथील नेहमीची चूक म्हणजे गव्हाण धुऊन काढणे आणि उरलेला चारा उकिरड्यावर टाकणे. घाबरलेल्या माणसाच्या हातून हे सहज घडते, पण जनावराने प्रत्यक्ष खाल्लेल्या चाऱ्याचा तोच एकमेव शिल्लक पुरावा असतो. गव्हाणीतील उष्टा चारा, पोत्याच्या तळाशी राहिलेला खुराक, हौदातील पाणी, गोठ्यात सापडलेली औषधाची बाटली किंवा रंगाचा डबा, यांपैकी काहीही फेकू नये.

२. शव उघडण्यापूर्वी दोनदा विचार करावा

अचानक मेलेले जनावर म्हणजे विषबाधाच, असे गृहीत धरू नये. नाकातून, तोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त येत असेल आणि शव लवकर फुगले असेल, तर काळपुळीचा, म्हणजे फाशी रोगाचा संशय धरावा लागतो. अशा वेळी शव उघडायचे नसते. पशुवैद्यक कानाच्या शिरेतील रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन आधी ती शंका दूर करतात. हा रोग माणसालाही होतो आणि शव उघडल्यास त्याचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. त्याचप्रमाणे लाळ गाळणारे, बिथरलेले जनावर दिसले की कीटकनाशकाच्या विषबाधेबरोबर पिसाळण्याचाही विचार करावा आणि त्याच्या तोंडात उघडा हात घालू नये.

३. प्रयोगशाळेला नेमका प्रश्न विचारावा

माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतील ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि नवखा माणूस नेमकी हीच गाळतो. सगळी विषे एकाच वेळी शोधणारी चाचणी कोठेही नसते. प्रत्येक विषासाठी वेगळा नमुना, तो टिकवण्याची वेगळी रीत आणि तपासण्याचे वेगळे यंत्र लागते. म्हणून लक्षणे आणि खाल्लेला चारा यांवरून दोन किंवा तीन संशयित विषे पशुवैद्यकांशी बोलून आधीच ठरवावी लागतात.

कोवळी किंवा पाण्याचा ताण बसलेली ज्वारी, तसेच कापणीनंतरचे फुटवे खाल्ल्यावर काही मिनिटांत जनावर धापा टाकत कोसळले आणि रक्त लालभडक दिसले, तर हायड्रोसायनिक आम्लाचा, म्हणजे सायनाइडचा संशय घ्यावा. ओल्या चाऱ्याच्या वजनावर दर किलोला सुमारे २०० मिलिग्रॅमच्या पुढे हे प्रमाण गेले की तो चारा अतिशय धोकादायक समजतात. यासाठी संशयित ज्वारी, कोठीपोटातील घास, यकृत आणि स्नायूचा तुकडा लागतो. हे नमुने मृत्यूनंतर शक्यतो चार तासांच्या आत घेऊन, हवाबंद डब्यात काठोकाठ भरून, लगेच गोठवावेत. काही पशुवैद्यकांकडे पिक्रेटचे पिवळे कागद असतात. बाटलीत घास ठेवून वर हा कागद टांगला आणि तो विटकरी झाला, तर जागेवरच अंदाज येतो. असा कागद घरी तयार करण्याच्या भानगडीत मात्र पडू नये, कारण कोरडे पिक्रिक आम्ल स्फोटक असते.

रक्त चॉकलेटसारखे तपकिरी दिसत असेल तर नायट्रेटचा विचार करावा. भरपूर नत्र दिलेली आणि पावसाच्या खंडात वाढ अडकलेली मका, ज्वारी, बाजरी किंवा संकरित नेपियर यांत ते साठते. चाऱ्याच्या शुष्क भारात नायट्रेट १ टक्क्याच्या वर गेले की तीव्र विषबाधेचा धोका असतो. मृत जनावरात यासाठी डोळ्यातील द्रव हा उत्तम नमुना आहे, कारण शरीराच्या इतर भागांपेक्षा तेथे कुजण्याचा परिणाम उशिरा होतो. बहुतेकांना ही गोष्ट ठाऊक नसते, त्यामुळे पशुवैद्यकांना त्याची आठवण करून देण्यात संकोच बाळगू नये.

युरियाच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. उन्हात पडलेल्या शवात कुजण्याने आपोआप अमोनिया तयार होतो. त्यामुळे सहा-आठ तासांनी घेतलेल्या कोठीपोटातील द्रवात अमोनिया सापडला तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही. द्रव ताजा घ्यावा, त्याचा सामू (पीएच) तेथेच पट्टीवर पाहून लिहून ठेवावा आणि नमुना गोठवावा.

ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशकांमध्ये विष स्वतः सापडणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्याने कोलिनेस्टरेज या शरीरातील विकराला (एन्झाइमला) किती दाबले हे मोजणे महत्त्वाचे असते. त्यासाठी जिवंत जनावराचे गुठळी न होऊ दिलेले रक्त आणि मृत जनावराच्या मेंदूचा भाग पाठवतात. जुन्या बॅटऱ्या किंवा रंग चाटल्याने शिसे पोटात गेल्याचा संशय असेल, तर नुसते रक्तजल (सीरम) चालत नाही, संपूर्ण रक्त द्यावे लागते, कारण शिसे प्रामुख्याने तांबड्या पेशींना चिकटलेले असते. मृत जनावरात मूत्रपिंड आणि यकृत घेतात.

सर्वांत फसवे प्रकरण अफ्लाटॉक्सिनचे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, त्याचा शोध घेताना ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत माग गेला आणि या बुरशीविषाची ओळख जगाला झाली. आपल्याकडे शेंगदाणा पेंड, सरकी पेंड आणि मका भरडा या तिन्हींत ते आढळते. गाय एका दिवसात मरत नाही. दूध घटते, ती खुराक टाकते, वासरांची वाढ खुंटते, आणि मालकाला संशय येईपर्यंत ते पोते संपून गेलेले असते. अवयवांत हे विष फार थोडे उरते. म्हणून येथे मुख्य नमुना खुराकाचा आणि दुधाचा असतो, आणि यकृताचा तुकडा वेगळ्या कारणासाठी, म्हणजे पेशींतील बदल सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पाठवतात.

४. चारा आणि खुराकाचा नमुना घेणे

बुरशीविष पोत्यात सारखे पसरलेले नसते. एका पोत्यातील मूठभर दाण्यांत ते भरमसाट आणि बाकीच्यांत जवळजवळ शून्य, असे होऊ शकते. त्यामुळे वरची एक ओंजळ भरून पाठवली तर अहवाल त्या ओंजळीचा येतो, पोत्याचा येत नाही. आम्ही पुढील रीत वापरली आणि प्रयोगशाळेनेही ती मान्य केली.

एकाच गटक्रमांकाची (बॅच नंबरची) दहा पोती असतील तर दहाही पोत्यांतून वरून, मधून आणि तळातून, पोकळ सळईने थोडा थोडा माल काढावा. सर्व मिळून पाच-सहा किलो झाला की स्वच्छ ताडपत्रीवर नीट मिसळावा, गोल पसरावा, त्याचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवावेत आणि उरलेले बाजूला काढावेत. असे करत सुमारे तीन किलो उरला की त्याचे एकेक किलोचे तीन भाग करावेत: एक प्रयोगशाळेला, एक विक्रेत्याला आणि एक सीलबंद करून स्वतःकडे. पुढे वाद झाला तर हा तिसरा भाग कामी येतो. माल घरच्या चक्कीवर दळून पाठवू नये. आधीच्या दळणाचे अवशेष त्यात मिसळतात आणि प्रयोगशाळा आपले दळण स्वतः करते.

बुरशी डोळ्यांनी स्पष्ट दिसत असेल तर तो ढेकळाचा भाग वेगळ्या पिशवीत, ‘निवडून घेतलेला भाग’ असे लिहून द्यावा, सरासरी नमुन्यात मुद्दाम वाढवून घालू नये. उलट, बुरशी दिसत नाही म्हणून विष नाही, असाही निष्कर्ष काढता येत नाही. मक्यावर अतिनील दिवा धरून हिरवट-पिवळी चमक पाहण्याची पद्धत काही व्यापारी दाखवतात. ती चमक अफ्लाटॉक्सिनची नसते, त्याच बुरशीच्या दुसऱ्या पदार्थाची असते, आणि तिच्या भरवशावर माल घेऊ नये किंवा नाकारूही नये.

कोरडा खुराक कापडी किंवा जाड कागदी पिशवीत भरावा. प्लॅस्टिकमध्ये घाम सुटतो, वाटेत बुरशी वाढते आणि गोठ्यातील खुराकापेक्षा नमुन्यातच विष जास्त निघते. हिरवा चारा आणि मुरघास मात्र हवा काढलेल्या प्लॅस्टिक पिशवीत गोठवून पाठवावा.

५. जनावराच्या शरीरातील नमुने

आजारी पण जिवंत जनावर असेल तर त्याचे रक्त, मूत्र, शेण आणि दूध यांना मृत जनावराच्या अवयवांइतकेच मोल आहे. उपचाराचे औषध शिरेत जाण्यापूर्वी रक्त घेता आले तर उत्तम, परंतु नमुन्यासाठी उपचार थांबवू नये.

शवातून साधारणपणे कोठीपोटातील घास अर्धा ते एक किलो, यकृत अर्धा किलो, एक संपूर्ण मूत्रपिंड, मूत्राशयात असेल तितके मूत्र आणि संशयानुसार मेंदू, स्नायू किंवा डोळ्यातील द्रव घेतात. घास एकाच जागेवरून न घेता कोठीपोटाच्या निरनिराळ्या भागांतून घ्यावा आणि त्यात ओळखू येणारी पाने, बिया किंवा रंगाचे तुकडे असतील तर ते वेगळे काढून ठेवावेत. कधी कधी घाणेरीचे किंवा कण्हेरीचे एक पान यंत्रापेक्षा लवकर उत्तर देते.

या टप्प्यावरील सर्वांत मोठा सापळा म्हणजे फॉर्मेलिन. रासायनिक तपासणीचे अवयव फॉर्मेलिनमध्ये कधीही बुडवू नयेत, कारण त्याने अनेक विषांची तपासणी अशक्य होते. सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी मात्र यकृताचे पाच मिलिमीटरहून पातळ काप १० टक्के फॉर्मेलिनमध्ये, अवयवाच्या दहापट द्रावणात, वेगळ्या बरणीत द्यावे लागतात आणि ही बरणी गोठवायची नसते. दोन बरण्यांची अदलाबदल झाली तर दोन्ही तपासण्या वाया जातात. प्रत्येक अवयव स्वतंत्र भांड्यात ठेवावा. यकृत आणि घास एकत्र भरले तर विष पोटातच होते की रक्तात शोषले गेले होते, हे नंतर कोणालाही सांगता येणार नाही. पोलीस प्रकरणात बर्फाची सोय नसेल तेव्हा मिठाचे संपृक्त द्रावण किंवा रेक्टिफाइड स्पिरिट वापरतात. अशा वेळी त्याच द्रावणाची एक रिकामी, म्हणजे अवयव नसलेली बाटलीही सोबत जोडावी लागते.

६. बांधणी आणि प्रवास

प्रत्येक भांड्यावर न पुसणाऱ्या शाईने जनावराचा कानातील बिल्ल्यावरचा १२ अंकी क्रमांक, अवयवाचे किंवा खुराकाचे नाव, तारीख, वेळ आणि पशुवैद्यकांची सही असावी. चिठ्ठी भांड्याच्या आत टाकू नये, झाकणावरही चिकटवू नये. ती भांड्याच्या अंगावर असावी. झाकणे प्रयोगशाळेत एका ओळीत उघडून ठेवली जातात आणि मग कोणते कोणाचे हे कळत नाही.

थर्माकोलच्या जाड पेटीत जेलचे गोठवलेले पुडे खाली-वर ठेवून मध्ये नमुने ठेवावेत. सुटा बर्फ वितळून चिठ्ठ्या भिजतात. शुक्रवारी कुरियर करू नये. हे वाक्य मी हसत लिहितो आहे, पण शनिवार-रविवार गोदामात पडून राहिलेली पेटी सोमवारी उघडली की तंत्रज्ञ नाकावर हात धरून नोंद करतो, ‘नमुना तपासणीयोग्य नाही’. शक्य असेल तर माणूस पाठवून पोच घ्यावी.

७. सोबत द्यावयाची कागदपत्रे

पशुवैद्यकांच्या सहीचे नमुना पाठवण्याचे पत्र, ज्यात कोणत्या विषासाठी तपासायचे आहे ते स्पष्ट लिहिलेले असेल.
पूर्वेतिहास: एकूण जनावरे किती, आजारी किती, मेली किती, लक्षणे, वेळा, दिलेली औषधे, गेल्या पंधरा दिवसांत चाऱ्यात, पाण्यात किंवा फवारणीत झालेला बदल.
शवविच्छेदनाचा अहवाल आणि छायाचित्रे.
खुराकाचे बिल, पोत्यावरील गटक्रमांक आणि उत्पादनाची तारीख दिसेल असे छायाचित्र.
विमा असेल तर पॉलिसीची प्रत. कानातील बिल्ला कापून फेकू नये. बिल्ला नसेल तर दावा उभाच राहत नाही.
कोणी मुद्दाम विष घातल्याचा संशय असेल तर पोलिसांतील तक्रार आणि पंचनामा.

शेवटच्या कागदाबद्दल थोडे अधिक. जनावराला विष घालून मारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे. अशा प्रकरणात नमुने पंचांसमोर सीलबंद होऊन पोलिसांमार्फतच गेले पाहिजेत. आधी खासगी प्रयोगशाळेत तपासून घेऊ आणि मग तक्रार करू, असा विचार केला तर नमुना कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची साखळी तुटते आणि चांगला अहवालही न्यायालयात दुबळा ठरतो.

८. कोणत्या प्रयोगशाळेकडे जावे

रोगाची शंका अजून मिटलेली नसेल तर पशुसंवर्धन विभागाच्या जिल्हा प्रयोगशाळेमार्फत पुण्यातील औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जाणे हा सरळ मार्ग आहे. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालये मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर येथे आहेत. तेथील विषशास्त्र आणि विकृतिशास्त्र विभागांचा सल्ला घेता येतो. पोलीस प्रकरणातील नमुने न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांकडे जातात. खुराकातील बुरशीविषे आणि कीटकनाशकांचे अंश यांसाठी गुजरातेतील आणंद येथे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची काफ ही प्रयोगशाळा आहे, शिवाय मोठ्या शहरांत खासगी प्रयोगशाळाही आहेत.

खासगी प्रयोगशाळा निवडताना ‘एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. मान्यता ठरावीक पदार्थातील ठरावीक चाचणीला असते. पाण्यातील शिशाच्या चाचणीला मान्यता असलेली प्रयोगशाळा पेंडीतील अफ्लाटॉक्सिनसाठी मान्यताप्राप्त असेलच असे नाही, म्हणून मान्यतेच्या व्याप्तीचा कागद मागून घ्यावा. पेटी बांधण्यापूर्वी फोन करून चार गोष्टी विचाराव्यात: ही चाचणी सध्या चालू आहे का, नमुना किती आणि कोणत्या स्थितीत हवा, शुल्क किती, आणि अहवाल किती दिवसांत मिळेल.

९. अहवाल वाचताना

प्रथम एकक पाहावे. बुरशीविषे पीपीबीमध्ये, म्हणजे किलोमागे मायक्रोग्रॅममध्ये, तर नायट्रेट आणि सायनाइड पीपीएममध्ये, म्हणजे किलोमागे मिलिग्रॅममध्ये लिहितात. दोहोंत हजारपटींचा फरक आहे. नायट्रेटच्या अहवालात आकडा नायट्रेटचा आहे की नायट्रेटमधील नत्राचा, हे तपासावे. नत्राचा असेल तर त्याला ४.४३ ने गुणल्यावर नायट्रेट मिळते. आमच्या ओळखीच्या एका पशुपालकाने हा गुणाकार न केल्यामुळे धोकादायक चारा सुरक्षित समजून घातला होता.

‘आढळले नाही’ या शब्दांसमोर शोधमर्यादा, म्हणजे त्या चाचणीला ओळखता येणारे किमान प्रमाण, किती दिली आहे ते बघावे. झटपट पट्टी आणि एलायझा या चाळणी चाचण्या आहेत. त्यांत विष आढळले आणि पैशांचा किंवा कायद्याचा प्रश्न असेल, तर एचपीएलसी किंवा एलसी-एमएस या अधिक अचूक यंत्रपद्धतीने खात्री करून घ्यावी.

संमिश्र पशुखाद्याच्या भारतीय मानकात अफ्लाटॉक्सिन बी-१ ची कमाल मर्यादा २० पीपीबी आहे आणि दुधात एम-१ ची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. खुराकातील बी-१ पैकी साधारण १ ते ६ टक्के दुधात एम-१ होऊन उतरते. हिशेब करून पाहा: ६० पीपीबीचा खुराक रोज सहा किलो खाणाऱ्या गाईच्या पोटात ३६० मायक्रोग्रॅम बी-१ जाते, त्याचे २ टक्के धरले तरी ७.२ मायक्रोग्रॅम एम-१ दुधात येते, आणि ती गाय बारा लिटर दूध देत असेल तर लिटरमागे ०.६ मायक्रोग्रॅम होते, म्हणजे मर्यादेच्या वर. दूध उकळल्याने हे विष जात नाही.

सदोष खुराक थांबवल्यानंतर दुधातील एम-१ साधारण तीन-चार दिवसांत ओसरते, म्हणून दुधाचा दुसरा नमुना पाचव्या दिवशी पाठवावा आणि तो निर्दोष येईपर्यंत त्या गाईंचे दूध संकलन केंद्रावर घालू नये. आता आमच्याकडे खुराकाचा नवा गट उतरला की त्यातील एक किलो कापडी पिशवीत, बिलाच्या प्रतीसह, कोरड्या फळीवर दोन महिने ठेवला जातो. त्यातील पिशव्यांना उंदीर लागू नये म्हणून त्या पत्र्याच्या पेटीत ठेवाव्या लागतात, हे मात्र पहिल्या पावसाळ्यानंतरच लक्षात आले.